अपवाद कोणते?

करारनामा अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय सही न करणारी माणसे अद्याप या भूतलावर नांदत आहेत, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. कारण बँकेत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत किंवा मोबाइलच्या दुकानात ज्या रांगेत आपण पाय बदलत तिष्ठत असतो, त्या रांगेच्या अग्रभागी हाच गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून, चौदाव्या कलमातील 'आणि' व 'अथवा' यांमधील भेद खिडकीपलीकडच्या मुलीला समजावून देत असतो. कोथरुडातील आमच्या इमारतीत या पंथाचे अध्वर्यू म्हणजे नाना. सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात उभी हयात घालवून ते सेवानिवृत्त झाले. परंतु निवृत्ती फक्त सरकारने मान्य केली, नानांनी नव्हे. शेरे मारण्यासाठी आता त्यांना ग्रामपंचायतींची दप्तरे मिळत नाहीत, म्हणून ते उपलब्ध जगावर शेरे मारतात, आणि त्या सर्व शेऱ्यांचा गाभा दोन शब्दांत सामावलेला असतो : "अपवाद कोणते?"

गेल्या वैशाखात देवगडच्या हापूसच्या पेट्या घेऊन एक विक्रेता आमच्या जिन्याने वर आला. "एक जरी फळ डागी निघालं तरी पेटी बदलून देईन, साहेब," असे त्याने छातीवर हात ठेवून सांगितले, आणि आम्ही भाबडे लोक पैसे मोजू लागलो. नानांनी मात्र पेटी खाली ठेवावयास लावली. "उत्तम," ते म्हणाले, "अपवाद कोणते?" विक्रेत्यास प्रश्नाचा बोध होईना, तेव्हा नानांनी त्याची फोड करून सांगितली : फळ पेटीत असतानाच डागी होते की घरी आल्यावर झाले, याचा निवाडा कोणी करावयाचा, गिऱ्हाइकाने पेटी उन्हात ठेवली असल्यास जबाबदारी कोणाकडे, तक्रार करण्याची मुदत किती, आणि बदलून दिलेल्या पेटीत पुन्हा डागी फळ निघाले, तर मूळ वचन तिलाही लागू की नाही. चार मजले चढून आलेल्या त्या कोकण्याने सारे निमूटपणे ऐकून घेतले, पेटी पुन्हा खांद्यावर चढविली आणि शांतपणे म्हटले, "अपवाद एकच, साहेब. तुम्ही." त्या मोसमात नानांच्या घरचा आमरस आमच्या घरून गेला.

डॉक्टरांनी "रोज सकाळी अर्धा तास चाला" म्हणून सांगितले, की नाना अपवाद विचारतात. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडील मंडळींनी "आमची काही अपेक्षा नाही" असे उदारपणे जाहीर केले, तेव्हा याच प्रश्नाने असा काही सन्नाटा पसरविला, की अपेक्षांची खरी यादी पाचच मिनिटांत बाहेर पडली आणि ते स्थळ मोडले. पुतणी त्या प्रसंगाबद्दल काकांची आजन्म ऋणी आहे. पण तिच्या आईने पुढील दोन दिवाळ्यांत नानांना फराळास बोलाविले नाही.

तथापि या प्रश्नाचा परमोत्कर्ष मी पाहिला तो आमच्याच घरी, सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी. गुरुजी साधुवाण्याची कथा सांगत होते. दंड्याच्या वेषातील भगवंतांनी नौकेत काय आहे म्हणून पुसले, वाण्याने द्रव्य लपवून लतापत्रे असल्याचे सांगितले आणि खरोखरच सारी लतापत्रे झाली, येथवर नानांनी संमतिदर्शक मान हलविली. "खोटं निवेदन," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "करार तिथेच रद्दबातल." पुढे कलावती प्रसाद टाकून पतीच्या दर्शनास धावली आणि किनाऱ्यास लागलेली त्याची नौका पतीसह दिसेनाशी झाली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. नौका बंदरात आल्यावर बुडाली, म्हणजे प्रवास समाप्त झालेला होता की नव्हता? प्रसादभक्षणाची अट जामातावर होती की त्याच्या पत्नीवर? अटीचा भंग एकीने केला आणि हानी दुसऱ्याची झाली, हे कोणत्या न्यायाने? गुरुजींनी पोथीतून मान वर न करता शंखाकडे हात नेला आणि नानांचा पुढचा प्रश्न शंखध्वनीत विलीन झाला. त्यानंतर नानांनी दोन वेळा प्रसाद मागून घेतला. अट ज्ञात झाल्यावर तिचे पालन करण्यात ते कसूर करीत नाहीत.

अशा या माणसाने एके दिवशी सहा-साडेसहा लाख रुपये खर्चून पत्नीसह भूमध्य समुद्रावरील क्रूझला जाण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा इमारतीत जे आश्चर्य पसरले, ते वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. या मनसुब्याचे कारण वहिनी होत्या. वहिनी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी त्या पडावातून बोटीवर चढत आणि डेकवर, वळकटीच्या आधाराने, ओकाऱ्या काढणाऱ्या प्रवाशांच्या मध्ये रात्र काढून भाऊच्या धक्क्यावर उतरत; आणि वर, पांढऱ्या कठड्याआड, खोल्यांतून राहणारी माणसे समुद्राकडे बघत चहा पिताना त्यांना दिसत. 'एकदा तरी खोलीतून समुद्र बघायचा' ही इच्छा त्यांनी लग्नानंतर वर्षादोनवर्षांनी उच्चारावी आणि नानांनी 'बघू' म्हणावे, असा क्रम चाळीस वर्षे चालला. यंदा नाना "जाऊ" म्हणाले. सात रात्री, बार्सिलोनास आरंभ व तेथेच समाप्ती, वाटेत मार्सेय, जेनोआ, रोमचे बंदर चिविताव्हेक्किया, नापोली आणि मायोर्का बेटावरील पाल्मा, खोली सज्जाची. वहिनींनी आनंदाने साड्या काढल्या. नानांनी खतावणी काढली.

युरोपातील शेंगेन देशांचा परवाना हवा असल्यास किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा दाखवावा लागतो, आणि त्यात आजारी किंवा मृत प्रवाशास स्वदेशी परत आणण्याचा खर्चही अंतर्भूत असावा लागतो. सामान्य मनुष्य या अटीपुरता सर्वांत स्वस्त कागद घेतो, तो पारपत्राच्या पिशवीत कोंबतो आणि विसरून जातो. नानांनी अनेक कंपन्यांच्या योजनांची संपूर्ण नियमपत्रके छापून घेतली, खतावणीच्या जोडपानांवर उभे-आडवे रकाने आखले आणि लाल-निळ्या पेन्सिलीने तुलनेस आरंभ केला : कंपनी देते ते निळे, काढून घेते ते लाल. पंधरवड्याने मी डोकावलो तेव्हा निळे टोक जवळजवळ अभंग होते आणि लाल टोक बोटात धरवत नव्हते.

त्या काळात नानांचा बहुतेक दिवस विमा कंपन्यांच्या दूरध्वनीवरील तरुणांशी संवाद करण्यात जाई. "सर, आमच्या प्लॅनमध्ये सगळं कव्हर होतं." "सगळं? वा! अपवाद कोणते?" "सर, फक्त स्टँडर्ड एक्स्क्लूजन्स." "वाचून दाखवा." पलीकडे कागदांची सळसळ, मग प्रतीक्षेचे संगीत, मग वरिष्ठ, मग पुन्हा संगीत. नानांना ते संगीत पाठ झाले होते; भाजी निवडताना ते गुणगुणत. एका तरुणाने तर तिसऱ्या दिवशी आपण होऊनच फोन केला आणि विचारले, "सर, ते पूर्वीच्या आजाराचं कलम तुम्ही काल समजावलं होतंत, ते पुन्हा एकदा सांगाल का? माझी उद्या परीक्षा आहे."

नानांच्या या व्यासंगातून मला जे ज्ञान अनिच्छेने प्राप्त झाले, ते कमी उद्बोधक नव्हते. जहाजावर दवाखाना असतो, पण तो धर्मादाय नसतो. नाडी पाहिली तरी तिचे देयक खोलीच्या हिशेबास लागते, आणि ते खासगी रुग्णालयास शोभेल असे असते. प्रकृती गंभीर झाली, तर कप्तान पुढच्या बंदरात रोग्यास उतरवून पुढे निघून जातो. समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले, तर तो खर्च सहलीच्या मूळ खर्चाला लाजवू शकतो. सबब केवळ औषधपाण्याची रक्कम पाहून योजना निवडणारा मनुष्य नानांच्या मते अज्ञ होय. बंदरात आपण स्वतंत्रपणे हिंडावयास गेलो आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. जहाज कंपनीच्याच सहलीतून गेलो असलो, तर जबाबदारी तिची. कप्तानाने हवामानास्तव एखादे बंदर अजिबात गाळले, तरी तिकिटावरील शर्तींप्रमाणे बहुधा दाद मागता येत नाही. प्रवास आपणच रद्द केला, तर निर्गमनाची तिथी जसजशी जवळ येते तसतशी परत मिळणारी रक्कम घटत जाऊन शेवटी शून्यास पोचते. आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना काही योजनांत वरची रक्कम पाच आकडी डॉलरांची दाखवून, आत खोलीभाडे, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ अशा प्रत्येक बाबीला निरनिराळी मर्यादा घातलेली असते. "दर्शनी दिंडी दरवाजा," नाना म्हणाले, "आत बोळ."

या अभ्यासाचा एक परिणाम असा झाला, की नानांचा प्रवास प्रत्यक्ष प्रस्थानापूर्वीच सुरू झाला. सायंकाळी ते सज्जात बसून वहिनींना मार्गक्रमण ऐकवीत : मार्सेयला आपले सामान आलेले नाही, जेनोआला माझा पाय मुरगळला, रोमला पारपत्र चोरीस गेले, वकिलातीत जावे लागले, नापोलीला जहाज चुकले, आणि पाल्माच्या अलीकडे, छातीत दुखू लागल्यामुळे, हेलिकॉप्टर. वहिनी पोळ्या लाटीत असता त्यांनी हेही सांगितले, की १३ जानेवारी २०१२ रोजी जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळून आडवे झालेले आणि बत्तीस माणसांचा बळी घेणारे 'कोस्टा काँकॉर्डिआ' जहाज त्या संध्याकाळी चिविताव्हेक्कियाहूनच निघाले होते. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस'वरील हजारो प्रवासी योकोहामाच्या बंदरात साथीपायी आपापल्या खोल्यांत कोंडून पडले होते, त्यांच्यापैकी सज्जाच्या खोल्यांतील लोकांना निदान हवा तरी मिळाली असेल. वहिनींनी पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळून म्हटले, "भाऊजी, यांच्या सात रात्रींत एकदासुद्धा सूर्य मावळत नाही बघा."

आनंदाची गोष्ट त्यांच्या यादीत एकच होती, आणि तीही त्यांच्या वळणाची. रोम वहिनींचे, नापोली कोणाचेही. नानांचे तीर्थक्षेत्र जेनोआ. तेथे १३४७ साली झालेला, मायोर्का बेटाकडे जाणाऱ्या एका जहाजासंबंधीचा करार हा जगातील ज्ञात विमा-करारांत सर्वांत जुना मानला जातो, आणि आपले जहाजही त्याच दोन बंदरांना शिवणार, या योगायोगाने त्यांना भरून आले होते. व्याजास धर्माचा विरोध असलेल्या त्या काळात हा करार बिनव्याजी कर्जाच्या वेषात लिहिलेला होता, हे सांगताना त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे पहिल्याच विम्यात लिहिलेलं एक आणि अभिप्रेत दुसरं," ते म्हणाले. "परंपरा जुनी आहे." 'टायटॅनिक'चे नाव निघाले म्हणजे उर्वरित जगाला प्रेमकथा आठवते, नाना मात्र १९१२ साली लंडनच्या लॉइड्सच्या विमेकऱ्यांनी दहा लक्ष पौंडांचा दावा महिन्याच्या आत चुकता केला, हे आठवून सद्गदित होतात.

येथवर मी नानांची थट्टा केली, ती निर्वेध मनाने केली. परंतु प्रामाणिकपणे विचार करता असे दिसते, की थट्टेस अधिक पात्र दुसराच पक्ष आहे. कोठेतरी वातानुकूलित दालनांत बसून मनुष्यप्राण्यावर कोसळू शकणाऱ्या यच्चयावत् आपत्तींची गणना करणारे आणि त्यांतील प्रत्येकीस पोटकलमात बंदिस्त करून ठेवणारे काही अनाम ग्रंथकार आहेत. इतके सूक्ष्म, इतके सर्वस्पर्शी आणि मानवी दुर्भाग्याविषयी इतकी कल्पकता दाखविणारे गद्य आज दुसरे कोणी लिहीत नाही; आणि ते कोणी वाचू नये, अशी व्यवस्था त्यांच्याच मालकांनी मुंगीएवढ्या टंकात केलेली आहे. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निवाडा दिला, की विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार आहे आणि तो उभय पक्षांस बंधनकारक आहे. तदनुसार ग्राहकाने आपला रक्तदाब, आपली शर्करा आणि आपल्या वाडवडिलांची हृदये कंपनीपुढे उघडी करावयाची. आणि कंपनीने आपला सद्भाव भिंगाखाली ठेवावयाचा. हे भिंग बाळगणारा मनुष्य आपल्याला विक्षिप्त वाटतो, आणि न वाचता अंगठा टेकवणारे आपण स्वतःस व्यवहारी समजतो.

या भिंगाचा प्रताप आमच्या तिसऱ्या मजल्याने अनुभवला आहे. तेथील निवृत्त शिक्षिकाबाईंचा इस्पितळाच्या खर्चाचा दावा एका कंपनीने फेटाळला. कारण म्हणून एका कलमाचा क्रमांक कळविला. बाईंनी दोन दिवस रडून घेतले आणि तिसऱ्या दिवशी त्या नानांकडे आल्या. नानांनी कलम वाचले, पुन्हा वाचले आणि प्रथमच निळी पेन्सिल उचलली. त्या कलमाचे दोन अर्थ होत होते. आणि संदिग्ध कलमाचा अर्थ मसुदा करणाराच्या विरुद्ध लावावयाचा, हा जुना न्यायसिद्धान्त आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज गेला. महिनाभर उत्तराची वाट पाहून विमा लोकपालांकडे दुसरा अर्ज गेला. तेथे शुल्क नाही आणि वकीलही चालत नाही. या दोन्ही तरतुदी जणू नानांना डोळ्यांपुढे ठेवूनच केल्या असाव्यात. मसुदा नानांचा, अक्षर नानांचे, सही बाईंची. रक्कम आली. बाई पेढे घेऊन गेल्या, तेव्हा नानांनी पुडा हातात घेऊन विचारले, "बिनशर्त आहेत ना?" त्या दिवसापासून इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाचे विमापत्र नवीकरणापूर्वी एक रात्र नानांच्या टेबलावर मुक्काम करून येते. आम्ही त्यांना हसतो आणि न वाचता सह्या करतो. आमची ही बेफिकिरी कोणाच्या जिवावर पोसली जाते, हे सांगण्याचे सौजन्य आजवर कोणी दाखविलेले नाही, आणि मीही ते येथे नाइलाजाने दाखवीत आहे.

परवा नाना चष्म्याच्या दुकानात गेले होते आणि खतावणी टेबलावर उघडी होती. मी सहज पाने चाळली. औषधोपचार, स्थलांतर, सामान, विलंब, रद्दीकरण, दायित्व, असे रकाने ओळीने होते. शेवटचा रकाना मी पूर्वी पाहिला नव्हता. त्याचे शीर्षक होते : 'ती एकटी'. त्याखाली प्रत्येक कंपनीपुढे बारीक अक्षरात टिपणे होती. मला उतरवून घेतल्यास तिलाही उतरता येईल काय? तिच्या राहण्याचा खर्च कोण देईल? भारतातून एका नातेवाइकास बोलाविण्याची सोय आहे काय, व किती दिवसांनी? फोनवर मराठी नाही, पण निदान हिंदी बोलणारा मनुष्य मिळेल काय? मी परत येण्याच्या अवस्थेत नसल्यास तिचे तिकीट कोण काढील? सर्वांत स्वस्त योजनेवर लाल फुली होती, सर्वांत महागडीवरही होती. आणि जी निवडलेली होती, तिच्यात सामानाची भरपाई अगदीच तुटपुंजी होती. पाय मुरगळणारे, छातीत दुखणारे, हेलिकॉप्टरने उचलले जाणारे नेहमी नानाच का असत, याचा उलगडा मला तेव्हा झाला. वहिनींना त्यांनी त्या साऱ्या सफरीत एकदाही आजारी पाडलेले नव्हते.

मी खतावणी होती तशी ठेवणार, तोच नाना दारात उभे राहिले. ते रागावतील असे वाटले. पण त्यांनी फक्त टेबलाचा खण उघडून एक निळी फाइल माझ्या हाती दिली. विमापत्र घेऊन झाले होते. 'आपत्प्रसंगी भारतातील संपर्क' या चौकटीत माझे नाव, माझा पत्ता आणि माझा दूरध्वनी क्रमांक सुवाच्य अक्षरात भरलेला होता. मला विचारलेले नव्हते.

"अहो नाना, मला यातलं काय कळतं?"

"म्हणूनच वाचायचं. पहिली चार पानं सोडा, ती जाहिरात आहे. व्याख्यांपासून सुरुवात करा. आणि वर कुठं 'सर्व' असा शब्द दिसला, तर लगेच मागचं पान उलटायचं."

"मुलाचं नाव का नाही घातलंत?"

"तो न वाचता सही करतो," नाना म्हणाले, आणि आत वळून मोठ्याने म्हणाले, "अहो, ऐकलंत का? भाऊजींना चहा टाका. बसणार आहेत ते."

वहिनींनी चहा आणला, माझ्या हातातील फाइल पाहिली आणि काही न बोलता सोबत चिवड्याची बशी ठेवली. बैठक लांबणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. नानांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. विलंब किती तासांचा झाल्यावर विलंब मानला जातो, हे मला सांगता आले. स्थलांतराचा निर्णय जहाजाच्या डॉक्टरचा की कंपनीच्या साहाय्य-केंद्राचा, येथे मी अडखळलो. सोबतीच्या परतीच्या तिकिटासंबंधीचे कलम मात्र मी क्रमांकासकट बिनचूक सांगितले, तेव्हा नानांनी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले, घसा खाकरला आणि त्या एका प्रश्नास पूर्ण गुण दिले. एकंदरीत मी नापास आहे. जहाज आश्विनात सुटते. फेरपरीक्षा रविवारी सकाळी ठेवली आहे.